कविकट्ट्यावरची शेवटची खुर्ची

ये गं सुमे, कागदावरच का होईना, जवळ बस. संमेलनाला येते म्हणालीस आणि आली नाहीस, हे शोभतं का नातीला?

मोठ्या मांडवात नट, पत्रकार, लेखक बोलत होते. तिथे उभं राहायला जागा नव्हती. मागे कविकट्ट्यावर माझा नंबर शेवटचा. तिथे जो तो आपली कविता वाचायचा, कागदाची घडी घालून खिशात ठेवायचा आणि निघून जायचा. माझी पाळी आली तेव्हा समोर फक्त खुर्च्या उचलणारा मांडववाला. तो म्हणाला, "म्हणा आजी, ही एक खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी." बाकीच्या घेऊन तो गेला. तुझ्या आजोबांवरची कविता मी त्या रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवली.

रागावू तरी कुणावर? सकाळपासून मीही कुणाचं ऐकलं नव्हतं. आपल्याच ओळी ओठांत घोळवत बसले होते. सगळेच सांगणारे झालो, बाई, आता ऐकायला कोण उरणार? हे सुधारेल असं मला तरी वाटत नाही. माझ्याही कागदाची घडी पडली, ती आता उघडवत नाही.

तू मात्र लवकर ये. मी काही वाचणार नाही, तुझंच ऐकेन.