शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या घाटकोपरच्या वस्तीत जयंतीच्या आधी दीड महिना विहारात गाण्यांची तालीम चालायची. कामावरून आलेला कोणीही चटईवर बसून सुचलेली ओळ म्हणून दाखवायचा. पेटीवाला चाल धरायचा, बाकीचे ओळ मोडायचे, जोडायचे, नाहीतर "ह्यात दम नाही रे" म्हणून टाकून द्यायचे. गाणं उभं राहिलं की ते ज्याने आणलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचे. तेवढं मात्र सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

त्या वर्षीचं गाणं शेजारच्या वहिनीचं होतं. ती एका शाळेत झाडलोट करायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून ती सांगायची आणि मी उतरवून घ्यायचो. त्या गाण्याची कॅसेट काढायचं ठरलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला रजा मिळाली नाही. शेवटच्या कडव्यात मी तिच्या जागी माझं नाव म्हटलं. दोन्ही नावं तीन अक्षरी, चालीला धक्का लागला नाही. कोरसवाले माझ्याकडे बघत राहिले, पण स्टुडिओची वेळ संपत आली होती.

विहारात कॅसेट लावली तेव्हा ती पुढेच बसली होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "बसलं की भाऊजी तुमचं नाव." लोक हसले. मीही हसलो.

त्यानंतर तिने कधी ओळ आणली नाही. इतर लोक आणायचे, पण घरून वहीत लिहून, खाली सही करून. त्या ओळीला कोणी हात लावू देईना. मी कवी म्हणून हार घेत राहिलो. तेव्हा वाईट वाटायचं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच वाटत नसे.

गेल्या महिन्यात मुलुंडला तिच्या मुलाच्या घरी गेलो. ती मेथी निवडत होती.

"वहिनी, ते गाणं तुझं होतं. तसं लिहून विहारात गाणाऱ्या नव्या पोरांना देतोय."

"म्हणा बघू."

मी पहिल्यापासून म्हणायला लागलो. तिसऱ्या कडव्याला तिने थांबवलं.

"ह्या कडव्याची पहिली ओळ माझी नाही. मी अडकले होते, पेटीवाल्याने सुचवली. तेही लिहा."

"तो तर गेला, वहिनी."

"मग? माणूस गेला की ओळ दुसऱ्याची होते काय?"

मी कागद काढला आणि तिच्यासमोरच ते लिहिलं. तिने मेथीची दुसरी जुडी सोडली.