कपडे बदलून येईपर्यंत

बाप्तिस्म्याच्या रविवारी गाणं कधी संपवायचं, हे आमच्या चर्चमध्ये गाणाऱ्याच्या हातात नसतं. पाळकसाहेब एकेकाला हौदात पूर्ण बुडवून वर काढतात. तो माणूस निथळत आतल्या खोलीत जातो, आणि कोरडे कपडे घालून परत येईपर्यंत पेटी थांबवायची नाही, अशी आमची पद्धत. साडी नेसायला तर वेळ लागतोच. मग ध्रुवपद पुन्हा, आणि पुन्हा.

कालही तसंच चाललं होतं. घसा सकाळपासूनच बसला होता, भाता मारून खांदा भरून आला होता. हौदापासून खोलीपर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. त्यांच्याकडे बघत वाटलं, ही माणसं एकदाच भिजतात आणि नवी होतात. मी मात्र वर्षानुवर्षं तेच दळण दळतोय. कशासाठी?

शेवटी आवाज फुटेनासाच झाला. मी नुसती पेटी वाजवत राहिलो. मंडळी मात्र गातच होती, नेहमीसारखी जरा मागे रेंगाळत.

उपासना संपल्यावर शांताबाई जवळ आल्या. उतारवयात नुकताच बाप्तिस्मा घेतलेला, केस अजून ओले. म्हणाल्या, "भाऊ, पाण्याखाली काहीच ऐकू येईना. जीव घाबरला हो. मग गाणं कानावर आलं, तेव्हा कळलं, वर आले."

फरशीवरची पावलं वाळत आली होती.

"बाई, घोटभर गरम पाणी मिळेल का?" मी कसंबसं म्हटलं. "संध्याकाळी पुन्हा गायचंय."