लाकडी मुठीचा पेला

कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो, उपचार सुरू झाले की तो दुसऱ्याला लागत नाही, हे मी शाळेत फळ्यावर लिहून शिकवलं आहे. ग्रामसभेतही बोललो आहे. माझ्या घरात काय चाललं होतं ते मात्र कुठं बोललो नाही.

काकूनं मला वाढवलं. माझी आई लवकर गेली. पुढं काकूला कुष्ठरोग झाला. गोळ्या पुऱ्या करून ती नार्नूरकडच्या माहेराहून नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावी परत आली तेव्हा आजार गेला होता. उजव्या हाताची दोन बोटं वाकलेली आणि तळहात बधिर, एवढंच मागं राहिलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, गरम भांड्याला, काट्याकुट्याला जपा, मूठ असलेलं भांडं वापरा. चटका बसला तरी यांना कळणार नाही.

मी ते फारच मनावर घेतलं. निर्मल गावी लाकडी खेळणी करणाऱ्या एकाकडून स्टीलच्या पेल्याला लाकडी मूठ बसवून आणली. काकूनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"इतकी लाडाची झाली का रे मी, बापू?"

गावानं माझं कौतुक केलं. तो पेला वेगळा घासला जाई, वेगळ्या खुंटीला टांगला जाई. एकदा पाहुणे आले, भांडी कमी पडली, तेव्हा बायकोनं त्याला हात घातला. "राहू दे, तो काकूचा आहे," मी म्हणालो. आवाज अगदी मायेचा होता. वेगळी कपबशी ठेवली असती तर लोकांनी नावं ठेवली असती. लाकडी मुठीला कोण काय म्हणणार?

कपाशीच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. घरातली वडील बाई शेतात दहीभात कालवते, थोडा झाडांवर शिंपडते, उरलेला सगळ्यांच्या हातावर देते. काकू परतली त्या वर्षी ते माझ्या बायकोनं केलं. काकूला मीच घरी ठेवलं होतं, हाताच्या काळजीनं. पुढच्या वर्षी ती कोणाला न विचारता पातेलं घेऊन शेतात आली.

"काऊन आली तू? हाताले बोंडं रुततीन," मी म्हणालो.

"वेचाले नाई आली. भात कालवाले आली. दही रुतते का रे?"

वेचणाऱ्या बायका खळखळून हसल्या. काकूनं शेताच्या धुऱ्यावर बसून वाकल्या बोटांनी भात कालवला. दोघीतिघींनी हात पुढं केले. बाकीच्या थांबल्या, गुरुजी काय करतात ते पाहत. काकूनं पहिला घास माझ्यापुढं धरला.

"माझा उपास हाये आज."

"कायचा उपास?" एक म्हातारी म्हणाली. "सकाळी तं ओट्यावर बसून पोहे हाणले, गुरजी. मी पाह्यलं ना."

या वेळी कोणी हसलं नाही. थांबलेल्या बायका भात न घेताच वेचणीच्या ओळीला लागल्या. काकूनं तो घास पातेल्यात परत टाकला नाही, कपाशीच्या बुडाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी लाकडी मुठीचा पेला खुंटीवरच राहिला. काकूनं सगळ्यांसारखा साधा पेला घेतला आणि चहा संपेपर्यंत उजव्या मुठीत घट्ट धरून बसली. संध्याकाळी तळहातावर फोड आले.

"मूठ असलेलं भांडं वापरा म्हणून सांगितलं होतं ना?" डॉक्टर तिच्यावर रागावले. उत्तर माझ्याजवळ होतं. मी मलमाची चिठ्ठी खिशात घातली.

जखम भरायला फार वेळ लागला. तोवर मी निर्मलहून तसेच आणखी पेले करून आणले. आता आमच्याकडे सगळे, पाहुणेसुद्धा, त्यातूनच चहा पितात. काकू हाताशी येईल तो उचलते. तिचा जुना पेला मात्र मला मुठीवरच्या चिरेवरून ओळखू येतो. परवा तो माझ्या वाट्याला आला. मी चहा प्यायलो, पण आधी मूठ फिरवून चीर पाहिली. काकूच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पे, थंडा होते," ती म्हणाली. मग आपला पेला खाली ठेवत, "वेचणी आली."

"हो. भात तूच कालव."

"मी तं कालवीनच. तू उपास नको धरू."