गाण्यात सापडलेला हात

इस्त्रीबाईंना संगीत नाटकांची किळस यायची आणि नोकरी नेमकी नाट्यगृहात. तळघरातल्या धुलाईखोलीत एकोणीस वर्षं त्यांनी नटनट्यांचे कपडे धुतले, वाळवले, कडक इस्त्री करून वर पाठवले. खरं नाव कुणी विचारलंच नाही. चेहराही नावाला साजेसा, एक सुरकुती इकडची तिकडे होत नसे.

गद्य नाटक लागलं की त्या खुशीत असत. "गद्यातला राजा मेला तरी काखेपुरता घामेजतो," त्या म्हणत. "संगीतातला साधा शिपाईसुद्धा मोज्यांपर्यंत निथळतो." गाणाऱ्यांच्या कॉलरींवर चेहऱ्याच्या रंगाचा आणि थुंकीचा थर बसे. तो त्या जुन्या टूथब्रशने घासून काढत, आणि घासताना तोंड दुसरीकडे फिरवत.

घरी धाकटी बहीण. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी गाण्यांनी भरलेले सिनेमे बघायची. घर दोन खोल्यांचं आणि टीव्ही एकच, त्यामुळे इस्त्रीबाईंची सुटका नव्हती.

"बघ, नवरा टाकून गेला आणि ही गच्चीत येऊन सहा मिनिटं गातेय," त्या कांदा चिरता चिरता म्हणत. "खाली भाजीवाले नाचतायत. मग भाजी कोण विकतंय?"

"ताई, तुला कानच नाहीत."

"कान आहेत म्हणून तर त्रास. रडायचं तर रड की बाई! रडताना नाक गळतं, घसा दाटतो. सूर कुठून लागणार?"

धाकटी टीव्हीचा आवाज वाढवायची.

त्या वर्षी नाट्यगृहात एक नवा दिग्दर्शक आला. पोरगेलासा, गोड बोलणारा. त्याचं नवं संगीत नाटक धुलाईकाम करणाऱ्या बायकांवर होतं, म्हणून तीन दिवस तो तळघरात येऊन बसला. स्टूल ओढून घ्यायचा, "मावशी, हे कसं करता? ते कसं करता?" विचारायचा, वहीत लिहायचा. एकोणीस वर्षांत त्या खोलीत येऊन कुणी असं काही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी इस्त्रीबाईंनी त्याला उडवून लावलं. दुसऱ्या दिवशी चहा दिला. तिसऱ्या दिवशी, का कोण जाणे, आक्काची गोष्ट सांगितली.

नाट्यगृहात येण्याआधी त्या एका इस्पितळाच्या धुलाईत होत्या. रक्त, पू, उलट्या, सगळं हाताळलं, पण कधी नाक मुरडलं नाही. काम शिकवलं तिथल्या आक्काने. ती त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिथे चादरी दाबून वाळवायला दोन तापलेल्या रुळांचं यंत्र होतं. एके दिवशी चादर आत सारताना आक्काचा उजवा हात रुळांत सापडला. आक्का ओरडली नाही. पांढरीफटक पडली आणि, दार लावून घे म्हणावं तशा आवाजात, म्हणाली, "बटण दाब गं."

यंत्र बंद करायचं बटण इस्त्रीबाईंच्या पाठीमागेच होतं. ते त्यांना सापडायला वेळ लागला. किती वेळ, ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलासुद्धा. आक्काची तीन बोटं गेली.

दिग्दर्शकाने लिहिणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "मावशी, थँक्यू," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. इस्त्रीबाईंना तेव्हाच कुठेतरी खटकलं होतं.

पुढे शिवणखात्याकडून बारा एप्रन आले, सोबत चिठ्ठी: 'डाग रंगवलेले आहेत. धुताना जपावे.' इस्त्रीबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. घाम काढायचा आणि मळ राखायचा!

पहिल्या प्रयोगाची दोन तिकिटं दिग्दर्शकाने स्वतः आणून दिली. धाकटी हट्टालाच पेटली, म्हणून त्या गेल्या. पडदा उघडला तर रंगमंचावर बारा जणी, नाजूक कमरेच्या, दंड उघडे टाकलेल्या, बादल्या घेऊन नाचतायत. एकीच्याही हाताला भेग नाही. इस्त्रीबाई दातावर दात दाबून बसल्या. मग दोन मोठाले रूळ पुढे आले.

नायिकेचा हात रुळांत गेला. दिवे निळे झाले. आणि बाई गायला लागली. लांबच लांब ताना घेत, गळ्याच्या शिरा फुगवत. तिच्या बाहीतून लाल रेशमी कापड निघायला लागलं, हातभर, मग खोलीभर, आणि बाकीच्या जणी ते धरून गोल फिरायला लागल्या. तिची मैत्रीण बटण शोधत होती. ती गिरक्या घेत शोधत होती. एकदा इकडे, एकदा तिकडे, मनगट कपाळाला लावून, तालात. चार मिनिटं तिला ते सापडलं नाही.

थिएटरात हुंदके ऐकू येत होते. धाकटी रुमालात तोंड खुपसून रडत होती. इस्त्रीबाई लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडल्या आणि बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन भडाभडा ओकल्या.

बाहेर आल्या तर मध्यंतर झालेलं, दारात दिग्दर्शक उभा.

"मावशी, कसं वाटलं?"

"ती गायली नव्हती."

"हो, पण—"

"ती एक वाक्य बोलली. मी तुला सांगितलं होतं ते." रागाच्या भरात त्या अहोजाहोवरून अरेतुरेवर आल्या. "आणि ती दुसरी नाचते कशाला रे? कोण नाचलं होतं तिथे?"

"अगदी जसंच्या तसं दाखवलं तर लोक उठून जातील, मावशी."

"जाऊ देत की! आम्हाला काय तिथून उठून जाता आलं होतं?"

तो कावराबावरा झाला. त्याच्या खांद्यावर कुणीतरी शाबासकीची थाप मारली आणि तो तिकडे वळला.

धाकटीने दारातलं बोलणं ऐकलं होतं. घरी येताना ती हळूच म्हणाली, "ताई, ती दुसरी म्हणजे तू ना? मला कधी बोलली नाहीस."

"गप्प बस," इस्त्रीबाई म्हणाल्या.

आता आक्काला सांगणं भाग होतं. आक्का पुतण्याकडे राहायची. इस्त्रीबाई अधूनमधून जाऊन येत, पण त्या दिवसाचा विषय दोघी काढत नसत. त्या दुपारी उंबऱ्यातच त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं, आक्काची गोष्ट परक्याला सांगितल्याबद्दल माफी मागितली.

आक्का ऐकत राहिली, आणि मग तिला हसूच फुटलं. "नाचत होतीस? तू?"

"आक्का, हसण्यावारी नेऊ नका."

"मला बघायचंय."

"काही बघण्यासारखं नाही. ओंगळ आहे."

"हात माझा आहे की तुझा? मला घेऊन चल."

रविवारी दुपारच्या प्रयोगाला त्या आक्काला घेऊन गेल्या. रूळ आले तशा इस्त्रीबाईंनी डोळे मिटले. पण शेजारी काहीतरी हलत होतं म्हणून किलकिले केले. आक्का उरलेल्या दोन बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरून होती. तोंड उघडं, गाल ओले. इस्त्रीबाईंच्या अंगावर शहारा आला. त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर आक्का गुणगुणायला लागली.

"गुणगुणू नका ना."

"का गं?"

"मला शिसारी येते."

"घ्या! हात माझा गेला आणि शिसारी हिला!" आक्काने पदराने चेहरा पुसला. "मला तेव्हा बोंब ठोकायची होती गं. पण मुकादम पलीकडच्या खोलीत. त्याला ऐकू जाईल अशी कशी ओरडू? ही पोरगी कशी बिनधास्त ओरडते."

"ओरडत नाही, गाते."

"तेच ते."

"तेच नाही, आक्का."

आक्का पिशवीतल्या बाटलीतलं पाणी प्यायली.

"बटण सापडत नव्हतं ना तुला?" आक्काने विचारलं.

"नाही सापडलं. हात लावला, तर भिंतच लागत होती."

"मला वाटलंच." आक्काने पिशवी उचलली. "पुढच्या रविवारी परत जाऊ."

नाटक आठ महिने चाललं. आक्का आणखी चार वेळा आली. इस्त्रीबाई तिला खुर्चीपर्यंत सोडत, पाण्याची बाटली हातात देत आणि जिना उतरून तळघरात जात. त्या गाण्याची वेळ झाली की तिन्ही मशिनं एकदम सुरू करत, म्हणजे छतातून सूर झिरपत नसे. धाकटीने एकदा समजूत घालून पाहिली, की आक्काला बरं वाटतंय तर तुझं काय जातं. "तिला वाटू दे," त्या म्हणाल्या. "मला नाही वाटत."

प्रयोग संपला की कपड्यांच्या ढिगात ते लाल रेशीमही खाली यायचं, बाराजणींच्या हातांच्या घामाने ओलसर झालेलं. इस्त्रीबाई ते लाकडी चिमट्याने उचलत आणि हात लांब धरून वेगळ्या बादलीत टाकत.