बाटल्यांची कव्हरं

जीन्सचं काम बंद पडलं तेव्हा मी तीन महिने घरी होते. मग उल्हासनगरातल्या आमच्या शेठने मला परत बोलावलं आणि सांगितलं, "अब मिलिटरी का काम है. टेन्शन नाही घ्यायचं."

मिलिटरीचं काम म्हणजे पाण्याच्या बाटल्यांची कव्हरं. एका मोठ्या कंत्राटदाराने घेतलेल्या ऑर्डरचा तुकडा शेठकडे आला होता. चौदा बाया शिवायच्या, मी देखरेख करायची. महिन्यातून एकदा लष्कराकडून तपासनीस यायचे. वयस्कर, अतिशय सभ्य गृहस्थ. भिंगातून इंचाला किती टाके पडले ते मोजायचे. जीन्समध्ये असे टाके कुणी मोजले नव्हते. एक टाका कमी निघाला तर ते दुःखी चेहऱ्याने ते कव्हर बाजूला ठेवायचे.

मग सीमेवर गोळाबार सुरू झाला. शेठने शिलाई हॉलमध्ये टीव्ही लावला आणि दुसऱ्याच दिवशी सहा नव्या मशीन मागवल्या.

"लढाई म्हणजे ऑर्डर," ते मला म्हणाले. "देख लेना, डबल होणार."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही ऑर्डर वाढायला हवी होती. घरी बसण्याचे ते तीन महिने माझ्या चांगले लक्षात होते.

दुपारी टीव्हीवर स्फोट दाखवत होते. शेठ खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "बढिया! बढिया!"

खिडकीजवळची मशीन थांबली. तिथे विठ्ठलवाडीच्या काकू बसायच्या, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या.

"शेठ," त्या म्हणाल्या, "माझा मुलगा तिकडे आहे."

आम्हाला माहीत होतं. शेठलाही माहीत होतं, त्याच्या भरतीचे पेढे त्यांनी खाल्ले होते. ते उठले, टीव्ही बंद केला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. त्यानंतर रोज सकाळी आल्या आल्या ते काकूंना विचारायचे, "फोन आला?" आणि मग मला विचारायचे, "ऑर्डरचं काही कळलं?" दोन्हींचं उत्तर नाही असायचं.

काकू शिवत राहिल्या. त्या आठवड्यात त्यांचं एकही कव्हर मला परत करावं लागलं नाही. मी त्यांना म्हटलं, दोन दिवस घरी राहा. म्हणाल्या, "घरी काय करू? भिंतीकडे बघू?"

पाचव्या दिवशी मुलाचा फोन आला, तो सुखरूप होता. काकू मशीनवर डोकं टेकून रडल्या आणि बाकीच्या बायाही रडल्या. शेठ बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात तपासनीस आले. शेठने त्यांना नव्या मशीन दाखवल्या आणि विचारलं, "साहेब, अब तो ऑर्डर बढेगा ना?"

"लढाई बघून बाटल्यांची कव्हरं कुणी वाढवत नाही, शेठ," ते म्हणाले. "ही ऑर्डर लढाईच्या आधीच्या बजेटातली. आता पैसा जाईल तो ड्रोन वगैरे उडणाऱ्या वस्तूंकडे. एकूण पैसा वाढेल, पण कापडाचा वाटा कमी होईल."

शेठने एका नव्या मशीनवरचं प्लास्टिक सारखं केलं. मग म्हणाले, "उडणाऱ्या वस्तूलाही कव्हर लागत असेल ना?"

साहेबांनी यावर गंभीरपणे विचार केला. "लागतं," ते म्हणाले. "पण ते दुसरा विभाग बघतो."

पुढची ऑर्डर निम्मी आली. त्याच सुमारास अंबरनाथ एमआयडीसीत, माझे मिस्टर काम करतात त्या कारखान्यात, त्या उडणाऱ्या वस्तूंचे बारीक सुटे भाग बनवायचं काम आलं. तिथे एक कॉम्प्युटरवर चालणारी मशीन बसली आणि ती चालवायला दोन मुलं घेतली. आमच्याकडच्या पाच बाया घरी बसल्या. कुणाला बसवायचं ती यादी शेठने मला करायला लावली. मी केली. एकीने निघताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नव्या मशीनवरचं प्लास्टिक बरेच दिवस तसंच होतं. शाळा सुरू व्हायच्या आधी शेठने दप्तरांचं काम आणलं, तेव्हा मी त्या पाचही जणींना फोन केले. तिघी आल्या. एक बदलापूरला हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागली होती, ती म्हणाली तिथे बरं आहे, जेवण मिळतं. जिने माझ्याकडे बघितलं नव्हतं, तिने फोन उचलला नाही.