पातेलं परत करायला निघालेल्या म्हाताऱ्याचा पिक्चर

हे आत्ताच्या आत्ता लिहून टाकते. थांबले तर मम्मी जेवायला हाक मारेल, मग भांडी, मग झोप, आणि आमच्या सोसायटीत काल रात्रीच्या गोष्टीची आत्ताच सतरा रूपं फिरतायत, उद्या सकाळपर्यंत सत्तर होतील. एका रूपात तर मी शेवट चोरलाय. ते खोटं आहे. खरं काय ते ऐका.

मला पुण्याला जाऊन पिक्चरचं एडिटिंग शिकायचंय. त्यासाठी आधी एक परीक्षा द्यावी लागते, तिचा फॉर्म मी भरूनही टाकला होता. हे मी पप्पांना सांगितलं. पप्पा लूमखात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, फिटर आहेत, आणि तिथे दिवसभर मशिनं अशी खडखडतात की एकमेकांशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. मग घरी आल्यावरही आवाज तोच. पप्पा मम्मीच्या कानात काही बोलले तरी ते खालच्या पानवाल्याला कळतं. त्यामुळे ते मला ‘नाही’ म्हणाले तेव्हा सुरतेतल्या आमच्या अर्ध्या गोडादऱ्याला कळलं की पोरीला नाही म्हटलंय.

“पिक्चर जोडायला शिकायचं? त्याला पुणे कशाला? मी रोज तुटलेले धागे जोडतो, मी कुठल्या गावाला गेलो होतो शिकायला?”

“पप्पा, ते वेगळं असतं.”

“काय वेगळं? आणि तू जे बक्षीसवाले पिक्चर बघते ना, ते तुझ्याशिवाय कोणी बघतं का? परवा मी ड्युटीला निघालो तेव्हा त्यातला माणूस खिडकीशी बसला होता. चप्पल विसरली म्हणून परत आलो, तरी बसलेला! त्याला काय कामधंदा नाही?”

तो माणूस खरंच खूप वेळ बसतो. पण मला ते आवडतं ना! मी जुने बघते, नवे बघते, कुठल्या कुठल्या देशांतले बघते. खाली इंग्रजीत अक्षरं येतात, ती वाचत वाचत रडते. बक्षीस मिळालेला पिक्चर दिसला की मला राहवतच नाही. म्हणजे बक्षीस मिळालं म्हणून तो चांगलाच असतो असं नाही, काही इतके बोअर असतात की बक्षीस देणारे पण झोपले असतील. पण दहातला एखादा असा निघतो की दोन दिवस जेवण जात नाही.

हे मी पप्पांना समजवायला गेले आणि फसले. कारण पप्पा म्हणाले, “ठीक आहे. गणपतीत आपल्या सोसायटीत एक दिवस पिक्चर असतो ना? यंदा तुझा बक्षीसवाला लाव. लोक शेवटपर्यंत बसले तर परीक्षेला बस. उठून गेले तर इथेच बी.कॉम. पूर्ण करायचं आणि पुण्याचं नाव काढायचं नाही.”

हे पप्पांच्या आवाजात बोललं गेलं. म्हणजे चारही मजल्यांनी ऐकलं. आता माघार नाही. पप्पांची नाही आणि माझीही नाही.

मग मंडळाचे अध्यक्ष काका. हे टेक्सटाइल मार्केटमध्ये साडीच्या दुकानात आहेत, आणि दर वर्षी गणपतीत कुठला पिक्चर लावायचा ते हेच ठरवतात. दर वर्षी तो मारामारीचाच असतो. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले.

आधी जुना दाखवला, दोन भाऊ अंगणात भिंत घालतात तो. काका म्हणाले, “ब्लॅक अँड व्हाइट? लोक म्हणतील प्रोजेक्टर बिघडलाय.” मग भुताचा. भूत लाजाळू आहे, भाडेकरूंना घाबरतं, खूप गोड आहे. ते ऐकून काकू आतून ओरडल्या, “बाप्पासमोर भूत?” मग युद्धाचा.

“गोळ्या सुटतात?”

“नाही काका. सगळे युद्धाची वाट बघत बसतात.”

“मग कसलं युद्ध? आणि हा कुठला?”

“हा पूर्ण पिक्चर एका खोलीत होतो.”

“एका खोलीत आम्ही राहतोच आहोत, बेटा.”

शेवटी एक उरला. डोंगराळ, थंडगार देशातला. नाव विचारू नका, मला अजून नीट उच्चारता येत नाही. मी म्हटलं, “यात एक म्हातारा डोंगर चढून जातो.”

“वर देऊळ आहे?”

“तुम्ही बघाच ना.”

“म्हणजे धार्मिक आहे. चालेल.”

मी पटकन लॅपटॉप मिटला. खरं सांगायला पाहिजे होतं का? असेल. पण माझं पुणं डोंगराच्या पलीकडे होतं.

मम्मी माझ्या बाजूने होती, पण उघड नाही. तिने हळूच सुचवलं, “प्रसाद पिक्चर संपल्यावर वाटू. प्रसादाशिवाय कोण उठतंय?” मी तिला मिठीच मारली. पण पप्पा काय कच्चे आहेत? आरती संपली तसे ते माईकजवळ गेले. त्यांना माईकची गरज नसते, तरी गेले, आणि म्हणाले, “प्रसाद आधी घ्या! कोणाला थांबायची जबरदस्ती नाही!” आणि माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले.

लोकांच्या हातात शिरा, चपला जवळच, आणि माझा पिक्चर सुरू.

आता पडदा. पडद्याचं कापड दर वर्षी अध्यक्ष काका दुकानातून आणतात. यंदा त्यांनी जॉर्जेट आणलं. पांढरं आहे ना, झालं तर! पण जॉर्जेट आरपार. पिक्चर पडद्यावर दिसतोय, पडद्याच्या पाठीमागे दिसतोय आणि त्यातून पुढे जाऊन पहिल्या मजल्याच्या भिंतीवर, वाळत घातलेल्या गाऊनवरही दिसतोय. अर्धे लोक हवा लागते म्हणून पाठच्या बाजूला जाऊन बसले. त्यांचा म्हातारा डावीकडे चालला होता, आमचा उजवीकडे.

मी माईक घेऊन बसले, खालची अक्षरं वाचून मराठीत सांगायला. गोष्ट अशी. म्हाताऱ्याने मुलाच्या लग्नासाठी दरीपलीकडच्या एका विधवा बाईकडून मोठं पातेलं आणलंय. लग्न झालं. आता तो पातेलं पाठीला बांधून परत द्यायला निघालाय. बस. एवढीच गोष्ट आहे. तो चालतो. मग बसतो. मग चालतो.

“पोरी, आपली बोलीमा सांग ना वं,” पुढच्या सतरंजीवरून एक मावशी म्हणाल्या. मी अहिराणीत सांगितलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती मासी म्हणाल्या, “अमने पण समजाव, बेटा.” मी गुजरातीतही सांगितलं. म्हातारा एक वाक्य बोलायचा आणि मी तीन वाक्यं. त्यामुळे मला श्वास घ्यायला वेळ नव्हता, पण लोकांना मात्र भरपूर वेळ होता. कोणी जांभया देत होतं, कोणी मोबाइल काढला. एका कुटुंबाने सतरंजीची घडी घातली. पाठीमागून दोन खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पप्पा खांबाला टेकून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बोनस मिळाल्यासारखं सुख होतं.

पडद्यावर म्हातारा दगडावर बसला. कॅमेरा पातेल्यावर गेला. पातेलं. नुसतं पातेलं. किती वेळ पातेलं! मला रडू यायला लागलं. पिक्चरचं नाही, माझं.

आणि मासींनी विचारलं, “बेटा, ए तपेलुं खाली ज पाछुं आपशे?”

म्हणजे, हा पातेलं रिकामंच परत देणार की काय?

मी सांगते तुम्हाला, एकदम सगळ्या बायका बोलायला लागल्या. कारण शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत देतं का? आमच्याकडे नाही देत, मासींकडेही नाही देत. वाटी आली तर निदान चिमूटभर साखर घालून जाते. आणि हा तर लग्नाचं पातेलं घेऊन चाललाय!

“मुलाचं लग्न झालं नि बुंदीचा एक दाणा नाही?” मम्मी उभीच राहिली.

“येडा शे का तो?” पुढच्या मावशी.

“असेल आत काहीतरी. झाकण आहे ना वर.”

“असतं तर वजन नसतं का? बघा कसा टणाटण चाललाय!”

सतरंजीची घडी घातलेलं कुटुंब घडीवरच बसलं. आणि हे कोणी पसरवलं माहीत नाही, पण पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅस बंद करून गॅलरीत आल्या आणि वाळत घातलेला गाऊन बाजूला सारून भिंतीवर बघायला लागल्या.

मग पुढे काय झालं असेल? म्हाताऱ्याला वाटेत एक सफरचंदवाली भेटते. ती म्हणते, घ्या दोन. सगळी सोसायटी ओरडली, “घे! घे!” म्हातारा नाही म्हणाला. लोकांनी कपाळावर हात मारले. मग एक मेंढपाळ त्याला लोण्याचा गोळा देतो. “घे रे बाबा, देवासारखा भेटलाय!” म्हाताऱ्याने तो तिथेच खाल्ला. काय शिव्या पडल्या त्याला! मला तर तेव्हा कळेना, हाच पिक्चर मी चार वेळा बघून रडले होते ना? मी बघितलेला पिक्चर म्हातारपणाचा, एकटेपणाचा होता. यांचा भलताच होता, आणि खरं सांगते, यांचा जास्त थरारक होता.

मग तो घसरतो. पातेलं सुटतं आणि उतारावरून घरंगळत जातं, ठण ठण ठण. झाकण उडतं. आत काय आहे ते दिसेल म्हणून सगळे पुढे वाकले, आणि पातेलं नेमकं पालथं पडतं.

“अरे सरळ कर ते!” हा आवाज पप्पांचा होता. त्यांनी खांब कधी सोडला, कोणास ठाऊक. ते पडद्याच्या अगदी पुढ्यात येऊन म्हाताऱ्यावर ओरडत होते. “रिकामं नको देऊ रे! गावात इज्जत काय राहील तुझी? पोराच्या सासरचे काय म्हणतील?”

इतका मोठा आवाज की पडदा हलला. म्हातारा थांबला. म्हणजे पिक्चरमध्ये थांबतोच तो तिथे, पण सगळ्यांना वाटलं पप्पांचं ऐकून थांबला.

तो पाठमोरा होऊन पातेल्यात काहीतरी ठेवतो. काय, ते दिसत नाही. झाकण लावतो, चालतो, त्या बाईच्या दारापाशी पोचतो. ती दार उघडते. पातेलं हातात घेते. झाकण उचलते. आत बघते. आणि हसते.

आणि काळोख. नावं वर जायला लागली.

मग जो गोंधळ झाला, बाप रे!

“आगळ शुं थयुं?” मासींना पुढे काय झालं ते हवं होतं.

“पुढे घे ना! दाबलं गेलं असेल काहीतरी!”

“काय होतं आत?”

“संपला,” मी म्हटलं.

“असा कसा संपला?” अध्यक्ष काका माझ्या हातातून लॅपटॉप ओढत होते. पाठच्या बाजूची माणसं पडद्याखालून वाकून आमच्या बाजूला आली, आमच्या बाजूला तरी उरलेला पिक्चर असेल म्हणून. आणि मग गर्दीतून कोणीतरी ते वाक्य बोललं, ज्याची आता सतरा रूपं झालीत: “हिलाच ते कापाकापीचं शिकायचंय ना? हिनेच कापला असेल शेवट!”

पप्पा माझ्याकडे वळले. “तू कापलास?”

“आईशप्पथ नाही, पप्पा. त्यांनीच तिथे कापलाय.”

“कोणी त्यांनी?”

“ज्याने एडिटिंग केलं त्याने.”

“आणि त्याला कोणी काही बोललं नाही?”

“त्याला बक्षीस मिळालं, पप्पा. या पिक्चरला तेच तर बक्षीस आहे, एडिटिंगचं.”

पप्पा वळून पडद्यावर वर जाणारी नावं बघत राहिले. मला वाटलं, झालं, पुणं आलं. पण तेवढ्यात त्यांना सुचलं.

“थांब. काय ठरलं होतं? लोक शेवटपर्यंत बसले पाहिजेत. बसले कुठे होते? सगळे उभे होते!”

हे खरं होतं हो! शेवटी एक माणूस बसलेला नव्हता. अध्यक्ष काकांनी डोकं खाजवलं, कारण शब्द म्हणजे शब्द. मम्मीने पदर खोचला. पण बोलल्या त्या मासी, आणि तेही मराठीत, त्यांच्या मराठीत: “भाई, सगळ्यात पुढे कोण उभा होता? तुम्हीच ना? मला तर काही दिसतच नव्हतं तुमच्यामुळे. म्हणून आम्ही पण उभे झालो.”

असे हसले लोक! पप्पाही हसले, पण तोंड फिरवून.

घरी आल्यावर ते जेवायला बसले, मग मधेच घास हातात धरून म्हणाले, आणि चारही मजल्यांनी ऐकलं, “दे परीक्षा. पण शिकून ये तर माणसाला शेवट दाखवायला शिकून ये. अशी फसवाफसवी करायची नाही.” मग थोड्या वेळाने, “ती हसली म्हणजे काहीतरी असणारच आत. लोण्याचा गोळा पूर्ण खाल्ला नसेल त्याने.”

“सून आवडल्याचं सांगायला लग्नातलं फूल ठेवलं असेल,” मम्मी म्हणाली.

भिंतीपलीकडून आवाज आला, “गूळ असेल, गूळ!”

परवा माझी परीक्षा आहे, अभ्यास पडलाय, आणि जिन्यात भेटेल तो मला थांबवून विचारतोय की आत काय होतं. मला खरंच माहीत नाही! बरं, मला सांगा, तुम्ही कधी घरच्यांना तुमचा जीव की प्राण असलेला पिक्चर दाखवलाय आणि त्यांनी त्यात तुम्हाला कधी न दिसलेलं भलतंच काहीतरी बघितलंय, असं तुमच्याकडे झालंय का? की आमचीच सोसायटी अशी आहे?