शेवंतीला अंधार लागतो

दिवस बुडाला की मैनाबाई देवापाशी दिवा लावायची आणि बोटांना तेल असतानाच मागच्या दारी येऊन दुसरा दिवा लावायची. हा दुसरा म्हणजे खांबाला तारेनं बांधलेला हॅलोजन, भिलाईतल्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून आणलेला. बटणावर तिच्या बोटाचा तेलकट ठसा कायमचा बसला होता. बटण दाबून ती लगेच आत वळत नसे. छातीइतक्या भिंतीपलीकडं, शेजारच्या कौशल्याच्या अंगणात उजेड कुठवर गेला ते बघायची. तिथल्या कुंड्यांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर नीट पडल्या, पान न् पान दिसेल अशा, की मग पदराला हात पुसून ती आत जायची. दिवा रात्रभर जळत राहायचा.

पोळा झाला की हे सुरू व्हायचं, ते होळी उलटेपर्यंत. कुणी विचारलंच तर ती सांगे, "साप निघते मागे."

रिसालीतल्या त्या ओळीत साप खरोखर निघत, त्यामुळं कुणी पुढं विचारलं नाही. तिचा नवरा तेजराम, पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून रिटायर झालेला कमी बोलणारा माणूस, एकदा एवढंच म्हणाला, "साप भिंतीच्या कोणत्या बाजूले हाये, ते मले मालूम हाये." मैनाबाईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारलं.

बावीस वर्षं ती टाउनशिपच्या रोपवाटिकेत ठेक्यावर कामाला जात होती. शेवंतीचं सगळं तिला तिथल्या केवलराम माळ्यानं शिकवलं. फुलं सरली की झाड बुडाशी छाटायचं. मग मातीतून पिलं फुटतात, ती मायझाडापासून मुळासकट सोडवायची, वेगळी लावायची आणि चैत-वैशाखाच्या उन्हातून ओल देऊन देऊन काढायची. पावसाळ्यात शेंडे खुडत राहायचं म्हणजे झाड पसरतं. पोळ्यानंतर त्याला हात लावायचा नाही.

एका साली फाटकाजवळच्या वाफ्यानं कळीच धरली नाही. पानं हिरवीगार, बाकी काही नाही. खत बदललं, माती बदलली, औषध मारलं. शेवटी केवलरामनं वर बोट दाखवलं. फाटकावर नवा मोठा दिवा लागला होता. "शेवंतीले अंधार लागते, बाई," तो म्हणाला. "रात लंबी झाली का तिले समजते, आता फुलाचं. तुमी रातभर उजेड कराल तं ते उन्हाळाच समजून बसते."

मैनाबाईनं ते ऐकून ठेवलं. त्याचा उपयोग असा होईल, हे तेव्हा तिच्या मनातही नव्हतं.

तिच्या घरची शेवंती मात्र रोपवाटिकेतली नव्हती. ती साकोलीजवळच्या माहेरून आली होती. लग्नात आई भागाबाईनं जुन्या लुगड्याच्या ओल्या चिंधीत तीन पिलं बांधून दिली होती. फूल लहानच, पाकळी वरून हळदीची आणि खालून तांब्याची. एखाद्या साली भिलाईची झाडं उन्हानं गेली तर मैनाबाई माहेराहून पिलं आणायची. एखाद्या साली पुराच्या पाण्यानं तिकडची कुजली तर इकडून न्यायची. मायलेकींनी मिळून ती शेवंती एकतीस वर्षं अशी मरू दिली नव्हती.

मग भागाबाई गेली, ऐन फाल्गुनात. मैनाबाई तेरवीला गेली ती सव्वा महिना अडकली. भावांनी आईची खोली पाडून अंगणासकट सगळीकडं सिमेंट ओतलं, त्यात तिकडची शेवंती दबली. तेव्हा तिला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. इकडची होती. तेजरामची तेव्हा नोकरी होती, शिफ्ट होत्या, म्हणून मागच्या दाराची किल्ली ती कौशल्याकडं देऊन आली होती. कौशल्यावर तिचा भरवसा होता. मुलगा हेमराज लहान असताना त्याला कावीळ झाली, तेव्हा याच कौशल्यानं पंधरा दिवस दोन घरचा स्वयंपाक केला होता.

परत आली तर वाफ्यात नुसते खड्डे.

"उन्हानं जळली वो बाई," कौशल्या म्हणाली. "बोरिंगच बंद होती आठ दिवस. वाळलेली काढून फेकली मी, उगीच वाळवी लागली असती."

मैनाबाईनं खड्ड्यात हात घातला. कडा सरळ, खुरप्यानं कापल्यासारख्या. वाळलेलं झाड कुणी इतकं जपून, मुळाभोवतीची माती धरून काढत नाही. तिला तेव्हाच समजलं असतं, पण मायचं सुतक नुकतंच फिटलेलं माणूस शेजारणीचा खोटेपणा शोधत बसत नाही.

डिसेंबरात कॉलनीच्या मंडळानं फुलांची प्रदर्शनी भरवली. कौशल्याच्या कुंडीला पहिला नंबर मिळाला. मैनाबाई रांगेतून पुढं सरकत त्या कुंडीपाशी आली. हळद आणि तांबं. तिनं एक पान चिमटीत चुरलं आणि बोटं नाकाशी नेली. तो वास तिला आईच्या हाताचा म्हणून माहीत होता.

"कुठून आणली वो?" तिनं विचारलं.

"रायपूरच्या नर्सरीतून." कौशल्या गळ्यातली माळ सारखी करत होती. "महाग देल्ली मेल्यानं."

"एक पिलू देशील?"

"पुढल्या साली देईन. औंदा पिलं काढली तं माझ्या झाडाचा जोर जाईल."

आजूबाजूला बायका होत्या, मंडळाचे लोक फोटो काढत होते. मैनाबाई म्हणाली, "बरं." एवढंच. भांडली असती तर लोक म्हणाले असते, फुलासाठी भांडते. आणि पुरावा काय होता? बोटांना लागलेला वास. घरी येऊन तिनं हात धुतले नाहीत. संध्याकाळी तशाच हातानं भाकरी थापल्या.

पुढच्या पोळ्याला तिनं हॅलोजन आणला.

गंमत म्हणजे पहिले आभार कौशल्यानंच मानले. "बरं झालं बाई, माह्याही अंगणात उजेड येते. आता तांदूळ निवडाले आत जा नाही लागत." आणि ती खरंच कुंड्यांशेजारी बाज टाकून त्या उजेडात तांदूळ निवडत बसू लागली. मैनाबाई आपल्या पायरीवरून बघायची. इतकं समाधान तिला कुठल्या तीर्थाला जाऊन मिळालं नसतं.

नोव्हेंबर सरत आला तसा भिंतीवरून आवाज आला. "मैनाबाई, अवो, कळीच नाही दिसून राहिली. तुले तं सगळं समजते, पाय ना जरा."

मैनाबाई पलीकडं गेली. तिनं पानं उलटून पाहिली, माती बोटानं टोकरली, जाणत्या वैद्यासारखी मान हलवली. "शेणखत कमी पडते. अन् पानी वाढव."

"मी बी तेच म्हणून राहिली होती," कौशल्या म्हणाली.

खतापाण्यानं झाडं कमरेएवढी झाली. हिरवी, लठ्ठ आणि वांझ. त्या साली प्रदर्शनीत कौशल्यानं रंगीत पानांचे कोलियस मांडले, त्यांच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. घरी मैनाबाईनं शेवया केल्या. तेजरामनं विचारलं, "आज काय हाये?" ती म्हणाली, "काही नाही. खावंसं वाटलं."

दुसऱ्या सालीही तेच झालं. दरम्यान हेमराजचं लग्न झालं. सून वंदना डोंगरगडची, रेल्वेवाल्यांच्या घरातली, अर्धं हिंदी बोलणारी पोरगी. तिला सासूनं लेकीला सांगावं तसं सगळं सांगितलं: माय, चिंधी, खड्डे, हळद आणि तांबं. दिव्याचं तेवढं सांगितलं नाही. ते वंदनानं आपलं आपण ताडलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, अपने इधर तो साप कभी दिखा नहीं."

"दिवा हाये म्हणून नाही दिसत," मैनाबाई म्हणाली.

तिसऱ्या वर्षी, आषाढ लागल्यावर, कौशल्या समोरच्या दारानं आली. ती नेहमी भिंतीवरूनच बोलायची, म्हणून मैनाबाईनं पाट सरकवला. कौशल्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पिलू होतं.

"घे," ती म्हणाली. "माह्याकडे तं काही फुलत नाही. तुह्या हाताले ओळखते ते."

मैनाबाईनं फडकं उघडलं. पांढरी मुळं, दोन कोवळी पानं. तिनं ते मांडीवर ठेवलं. तिला वाटलं, आता कौशल्या बोलेल. एकच वाक्य होतं. ती बोलली असती तर मैनाबाईनं त्याच संध्याकाळी खांबावरचा दिवा उतरवला असता, हे तिनं स्वतःशी कबूल केलं होतं. कौशल्यानं चहा घेतला. पाऊस कमी आहे म्हणाली, गुडघे दुखतात म्हणाली. कपात तळाला उरलेल्या साखरेकडं बघत थोडा वेळ बसली, मग उठली.

"दोन कुंड्या ठेवल्या मी माह्याकडे," दारातून ती म्हणाली. "पाहू, औंदा तरी येते का."

मैनाबाईनं पिलू लावलं, भिंतीलगत, जुन्याच वाफ्यात. शेंडे खुडले. झाड पसरलं. पोळा आला. आता गाठ अशी पडली होती की दिवा लावला तर तिची स्वतःची शेवंतीही फुलणार नव्हती आणि नाही लावला तर कौशल्याचीही फुलणार होती. झाडावर गोणपाट टाकून अंधार करता आला असता. रोपवाटिकेत ती ते शिकली होती. पण मग कौशल्याला उमगलं असतं, आणि तिनंही आपल्या कुंड्या झाकल्या असत्या.

पोळ्याच्या संध्याकाळी ती बटणापाशी उभी राहिली. आत देवापाशी तेलाचा दिवा जळत होता. कारखान्याच्या बाजूला भट्टीची लाली आभाळावर चढली होती. तिनं मनात आईला विचारलं नाही, कारण आई काय म्हणेल ते तिला माहीत होतं. तिनं बटण दाबलं.

त्या साली भिंतीच्या दोन्ही बाजूंना पानंच राहिली. नाताळ उलटल्यावर वंदना म्हणाली, "मैंने तो एक बार भी नहीं देखा वो फूल."

"पुढं पाहशील," मैनाबाई म्हणाली.

चौथ्या साली भादव्यात लकव्यानं तिची डावी बाजू गेली. सेक्टर नऊच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं, ते मागच्या खोलीतल्या खाटेवर. खिडकी अंगणाकडं होती. दिवा लागला की त्या खिडकीतून पिवळा चौकोन समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली पडायचा. दवाखान्यातही दिवस बुडाला की ती तेजरामला विचारायची, "लाईट लावली का घरी?" तो मान हलवायचा.

घरी आल्या संध्याकाळी तिनं वंदनाला तेच विचारलं.

"लावली, आई," वंदना म्हणाली.

मैनाबाईनं कॅलेंडरखाली पाहिलं. चौकोन नव्हता. तिथं नुसता अंधार होता, भिंतीच्या रंगाचा.

पहिल्यांदा तिच्या अंगात संताप उसळला. चार सालांची राखण या कालच्या पोरीनं एका बटणासाठी घालवावी? ओरडायचं म्हटलं तर तोंड वाकडं झालेलं, शब्द लाळेसारखे ओघळत. तिनं उजव्या मुठीत चादर आवळली. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वंदना रोज "लावली" म्हणायची आणि मैनाबाई रोज कॅलेंडरखाली बघायची. खोटं बोलतेस, असं ती म्हणाली नाही. तेजरामलाही सांगितलं नाही, जरी त्यानं उठून लावला असता. ती फक्त दिवस मोजू लागली. अंधार पडायला लागल्यापासून कळी दिसायला वीस-बावीस दिवस लागतात.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी भिंतीवरून आवाज आला.

"वंदना, अवो वंदना, इकडे ये ना. कळी दिसून राहिली बाई. चार-पाच हायेत."

तो आनंद मैनाबाईला खिडकीतून जसाच्या तसा ऐकू आला. कौशल्याचं फूल फुलणार होतं. प्रदर्शनी होणार होती, गळ्यातली माळ सारखी होणार होती. तिनं डोळे मिटले. आणि मग आपोआप हिशेब पुढं सरकला: एकच भिंत, एकच अंधार. तिकडं कळी आली म्हणजे इकडच्या वाफ्यातही आली असणार.

वंदना आत आली. तिच्या बोटांना माती होती आणि चुरलेल्या पानाचा वास होता. ती खाटेपाशी वाकली, काहीतरी सांगण्यासाठी तिनं तोंड उघडलं.

मैनाबाईनं तिला बोलू दिलं नाही.

"लाईट लावली का वो?"

वंदना म्हणाली, "लावली, आई."

मैनाबाई कॅलेंडरखालच्या अंधाराकडं बघत राहिली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, तसं तिनं मान वळवली. त्यानंतर ती दोनच दिवस जगली, पण पुन्हा बोलली नाही. त्या संध्याकाळी मात्र शब्द अगदी स्पष्ट आले.

"तं मंग दूध झाकून ठेव जा. मांजर येते."